नॅनोइलेक्ट्रॉनिक्समध्ये भौतिकशास्त्रज्ञाचे काम नेमके काय असते?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की नाशिकच्या आमच्या महाविद्यालयात प्रवेशासाठी आलेले पालक भौतिकशास्त्र विभागातही डोकावतात आणि बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, की मुलीला फिजिक्स आवडते, पण पुढे त्याचे करायचे काय? अलीकडे या प्रश्नाला एक नवी जोड मिळाली आहे. गुजरातमधल्या धोलेरा आणि साणंदच्या बातम्या वाचलेले पालक विचारतात, की सेमीकंडक्टरचे एवढे कारखाने देशात येत आहेत, तर फिजिक्स घेऊन तिकडे जाता येईल का, की इंजिनिअरिंगच करायला हवे? उभ्या उभ्या याचे नीट उत्तर देता येत नाही, कारण सेमीकंडक्टरच्या क्षेत्रात भौतिकशास्त्रज्ञ मुळात करतो काय, हेच सहसा कोणी समजावून सांगितलेले नसते. मी नॅनोइलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे नॅनोमीटरच्या (मीटरच्या अब्जाव्या भागाच्या) मापातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या विषयात, पीएच.डी. केली, काही वर्षे परदेशी प्रयोगशाळेत काम केले आणि मग नाशिकला परत येऊन शिकवू लागले. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे पदव्युत्तर वर्गाला ‘फोर प्रोब’ नावाचे एक प्रॅक्टिकल असते. जर्मेनियमच्या छोट्या, करड्या, चकचकीत तुकड्यावर चार टोकदार पिना स्प्रिंगने दाबून एका ओळीत टेकवलेल्या असतात. ही सगळी जोडणी लहानशा ओव्हनमध्ये उतरवायची, तापमान हळूहळू दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास न्यायचे आणि ठरावीक अंतराने रीडिंग घ्यायचे. तांबे तापवले तर त्याचा विद्युतरोध वाढतो. जर्मेनियमचे उलटे होते. ते तापत जाते तसा त्याचा रोध झपाट्याने घसरतो. भांडी बाजारातल्या तांब्याच्या घंगाळात दर अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन कायमच मोकळा हिंडत असतो, आणि तापमान वाढले की अणूंची थरथर वाढून त्याच्या वाटेत अडथळे येतात. जर्मेनियमचे इलेक्ट्रॉन मात्र शेजारच्या अणूंशी असलेल्या बंधांत गुंतलेले असतात. त्यांना सोडवायला सुमारे ०.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) ऊर्जा लागते, आणि उष्णतेमुळे ती मिळू लागली की मोकळे इलेक्ट्रॉन भराभर वाढतात. सिलिकॉनमध्ये हीच ऊर्जा १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या अशी आपल्या हातात असते, उष्णतेने, अत्यल्प भेसळीने किंवा बाहेरून दिलेल्या व्होल्टेजने ती बदलता येते, या एका गुणावर आजचे सगळे इलेक्ट्रॉनिक्स उभे आहे.

पण मला सांगायचे आहे ते त्या चार पिनांविषयी. दोन पिनांनी काम का भागत नाही? कारण दोनच पिना वापरल्या, तर पिनेचे टोक जेथे जर्मेनियमला टेकते तेथला रोधही मोजमापात मिसळतो, आणि तो कधी कधी जर्मेनियमच्या स्वतःच्या रोधापेक्षा मोठा असतो. आपण मोजतो पिनेचे टेकणे आणि समजतो की पदार्थ मोजला. म्हणून बाहेरच्या दोन पिनांमधून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन पिनांवर फक्त व्होल्टेज वाचायचे. आतल्या पिनांतून प्रवाह जवळपास वाहतच नसल्यामुळे त्यांच्या टेकण्याचा रोध आकड्यात उतरत नाही. जे दिसते आहे ते पदार्थाचे आहे की माझ्या मोजण्याच्या पद्धतीचे, हा प्रश्न विचारणे आणि त्याचे उत्तर प्रयोगातूनच मिळवणे, हे नॅनोइलेक्ट्रॉनिक्समधल्या भौतिकशास्त्रज्ञाचे मुख्य काम आहे. त्याच्या करिअरचा लांबलेला, कधी कधी पालकांना घाबरवणारा आकारही याच प्रश्नातून येतो.

आता ट्रान्झिस्टरकडे येऊ. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, आणि तोही जर्मेनियमचाच होता. आज फोनमध्ये आणि संगणकात जो ट्रान्झिस्टर असतो त्याचा पूर्वज १९५९ मध्ये त्याच संस्थेत अटाला आणि कांग यांनी सिलिकॉनवर घडवला. त्याची रचना गंगापूर धरणाच्या दरवाजासारखी समजून घेता येईल. एका बाजूला इलेक्ट्रॉनांचा साठा, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मध्ये ‘गेट’ नावाचा धातूचा किंवा धातूसारखा पट्टा. गेट आणि सिलिकॉन यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो, त्यामुळे गेटला व्होल्टेज दिले तरी त्याच्यातून सिलिकॉनमध्ये प्रवाह जात नाही. ते व्होल्टेज खालच्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनांना ओढून आणते आणि वाट मोकळी होते. व्होल्टेज काढले की वाट बंद. १९७१ मध्ये बाजारात आलेल्या इंटेल ४००४ या मायक्रोप्रोसेसरमध्ये असे सुमारे २,३०० दरवाजे होते आणि ते दहा मायक्रोमीटरच्या तंत्रावर घडवलेले होते. आजच्या मोठ्या चिपवर त्यांची संख्या अब्जांत जाते.

दरवाजे लहान करत गेलो, तर एका मर्यादेपलीकडे ते दरवाजे राहत नाहीत. या शतकाच्या सुरुवातीस गेटखालचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर सुमारे १.२ नॅनोमीटरपर्यंत पातळ झाला होता, म्हणजे जेमतेम पाच अणूंएवढा. माणसाच्या केसाची जाडी पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर असते, यावरून अंदाज यावा. धरणाच्या लोखंडी दरवाजातून पाणी आरपार जात नाही, पण इलेक्ट्रॉनला तरंगाचा गुणही आहे, आणि भिंत एवढी पातळ असेल तर तो तरंग भिंतीच्या पलीकडेही थोडा शिल्लक उरतो. परिणामी इलेक्ट्रॉन भिंत न ओलांडता, न फोडता पलीकडे सापडतो. याला टनेलिंग म्हणतात. अब्जावधी दरवाजे एकाच वेळी गळू लागले, तर काही काम न करताही चिप तापते आणि बॅटरी संपते. यावर उपाय म्हणून २००७ मध्ये इंटेलने हाफ्नियमयुक्त विद्युतरोधक वापरात आणला. त्याचा थर जाड ठेवूनही गेटची पकड तेवढीच राहते, आणि जाडी वाढल्यामुळे गळती घटते. वाचायला हे एका वाक्यात झाले, पण कोणता पदार्थ, सिलिकॉनशी त्याचा सांधा कसा जमतो, त्या सांध्यावर इलेक्ट्रॉन कोठे अडकून बसतात, हे समजून घेण्यात अनेक भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंते यांची वर्षेच्या वर्षे गेली होती.

येथे एक खुलासा करते, कारण विद्यार्थी यात हमखास फसतात. ‘तीन नॅनोमीटर’, ‘दोन नॅनोमीटर’ अशी जी नावे बातम्यांत येतात, त्यांतला आकडा आज ट्रान्झिस्टरच्या कोणत्याही एका भागाची मोजलेली लांबी नसतो. ती तंत्रज्ञानाच्या पिढीची नावे आहेत. सिलिकॉनच्या स्फटिकाची मूळ चौकटच ०.५४३ नॅनोमीटरची असते, हे लक्षात ठेवले म्हणजे ही नावे शब्दशः घेण्याचा मोह होत नाही.

टनेलिंग हा उद्योगासाठी त्रास आहे. संशोधकासाठी ते आणि तशाच इतर गोष्टी अभ्यासाचा विषय आहेत. सिंहस्थात रामकुंडाकडे निघालेली गर्दी आठवा. रस्ता दुप्पट रुंद असेल तर तासाला दुप्पट माणसे जातात, आणि कोण कोणाला धडकले याचा हिशेब ठेवावा लागत नाही, सरासरी पुरते. ओहमचा नियम हा असा गर्दीचा नियम आहे. पण जुन्या पंचवटीतल्या अरुंद बोळात रुंदी हळूहळू वाढवत नेली तरी माणसांच्या रांगा एक, दोन, तीन अशा पूर्ण संख्येतच वाढतील, अडीच रांगा होणार नाहीत. इलेक्ट्रॉनचेही तसेच होते का? १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या आणि केंब्रिजमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे हे तपासले. सेमीकंडक्टरमध्ये गेटच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांसाठी एक चिंचोळा बोळ तयार केला, तो हळूहळू रुंद केला, आणि प्रवाह उताराने न वाढता पायऱ्यापायऱ्यांनी वाढताना दिसला. प्रत्येक पायरीची उंची सारखी, आणि ती इलेक्ट्रॉनचा विद्युतभार व प्लांकचा स्थिरांक (क्वांटम भौतिकीतला एक मूलभूत आकडा) या दोनच गोष्टींवर ठरणारी. बोळ कोणत्या पदार्थाचा होता याचा तिच्याशी संबंध नव्हता.

त्याच्या एक वर्ष आधी, १९८७ मध्ये, बेल लॅब्जमध्ये फुल्टन आणि डोलन यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून मोजता येतील असे उपकरण ॲल्युमिनियममध्ये घडवले. धातूचे एक अतिसूक्ष्म बेट आणि दोन्ही बाजूंना पातळ भिंती, अशी त्याची रचना होती. बेट इतके लहान, की त्यावर एक इलेक्ट्रॉन चढला तर त्याच्या विद्युतभारामुळे दुसऱ्याला यायला जास्तीची ऊर्जा लागते. भरलेल्या एसटीच्या दारात जसे एक जण उतरल्याशिवाय दुसऱ्याला चढता येत नाही, तशी तेथे एकेकाची ये-जा होते. मात्र हे दिसण्यासाठी उष्णतेचे धक्के त्या जास्तीच्या ऊर्जेपेक्षा बरेच लहान असावे लागतात. आपल्या खोलीच्या तापमानाला ते सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, आणि तेवढ्यात ही सूक्ष्म रांग मोडून पडते. म्हणून एक तर बेट आणखी लहान करायचे, नाहीतर तापमान खाली न्यायचे. द्रवरूप हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत नेतो. हेलियमची दोन समस्थानिके वापरणारे डायल्युशन रेफ्रिजरेटर तर निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतके जवळ नेऊन ठेवतात.

माझ्या मते या सगळ्या विषयाचे सर्वांत सुंदर उदाहरण याआधीचे, १९८० सालचे आहे. ५ फेब्रुवारीच्या पहाटे फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे क्लाउस फॉन क्लिट्झिंग सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरवर मोजमाप करत होते. नमुना द्रवरूप हेलियममध्ये थंड केलेला आणि भोवती प्रबळ चुंबकीय क्षेत्र. प्रवाहाच्या आडव्या दिशेने मोजलेला रोध, ज्याला हॉल रोध म्हणतात, तो पायऱ्यांवर थबकत होता, आणि प्रत्येक पायरी म्हणजे २५,८१२.८०७ ओहम भागिले एक पूर्ण संख्या. नमुना लांब असो, रुंद असो, त्यात थोडी अशुद्धी असो, आकडा तोच. १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि आज जगभरच्या मापनसंस्था ओहमचे प्रमाण याच परिणामावरून काढतात. आमच्या विद्यार्थ्यांना मी एवढेच दाखवते, की त्या नमुन्याला प्रवाहासाठी दोन आणि व्होल्टेजसाठी वेगळ्या तारा जोडलेल्या होत्या. विचार आपल्या फोर प्रोबचाच आहे. पायऱ्या इतक्या नेमक्या दिसल्या, याचे एक कारण म्हणजे जोडणीचा रोध आकड्यात शिरू दिलेला नव्हता.

हे काम प्रत्यक्षात हाताने कसे होते? संशोधक पहिली दोन वर्षे बहुधा नमुने करायला शिकण्यातच घालवतो. क्लीनरूममध्ये, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेल्या खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत अंगरखा घालून जायचे. सिलिकॉनच्या तुकड्यावर प्लास्टिकसारख्या पदार्थाचा पातळ थर पसरायचा आणि इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने त्यावर आकृती काढायची. जेथे झोत पडला तेथला थर द्रावणात विरघळून जातो. मग निर्वातात धातूची वाफ करून ती सगळीकडे बसू द्यायची, आणि शेवटी ॲसिटोनमध्ये उरलेला थर धुऊन काढायचा, की त्याच्यावरचा धातूही निघून जातो व फक्त आकृतीतला धातू राहतो. रांगोळीचा छाप उचलल्यावर खाली नक्षी उरते, तसेच. फक्त येथे नक्षीतली रेघ वीस-तीस नॅनोमीटरची असते आणि छाप उचलताना ती सोबत निघून आली तर सारे पहिल्यापासून करावे लागते. त्यानंतर केसाहून बारीक तारेने नमुना धारकाला जोडायचा, थंड करायचा, आणि मग मोजायला बसायचे.

माझा एक नमुना आठवतो. तीन महिने खपून तयार केलेला, थंड होऊन व्यवस्थित चालू झालेला. कोरड्या हिवाळ्यात रात्री एक केबल बदलताना मी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधला नव्हता आणि अंगात लोकरी स्वेटर होता. ठिणगी दिसलीसुद्धा नाही. फक्त गेटचा गळती प्रवाह, जो एका पिकोअँपिअरच्या आत होता, तो पडद्यावर एकदम मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे दहा लाख पटींवर, गेला. काही नॅनोमीटरचा विद्युतरोधक थर अंगावरच्या स्थिर विजेने फुटला होता. पुढचा नमुना तयार व्हायला आणखी दोन महिने लागले. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे का लागतात, असे पालक विचारतात तेव्हा मी हाच प्रसंग सांगते. आणि हा तर सरळ अपघात होता, कारण लगेच कळले. त्याहून जास्त वेळ जातो तो आलेला आलेख खरा आहे का हे ठरवण्यात: दुसऱ्या नमुन्यावर तेच दिसते का, तारा उलट जोडल्या तर चिन्ह उलटते का, तापमान वाढवल्यावर परिणाम अपेक्षेप्रमाणे पुसट होतो का.

आता वर्षांचा आणि पैशांचा हिशेब. बी.एस्सी. होते तेव्हा वय एकवीस, एम.एस्सी. होते तेव्हा तेवीस. नाशिकमध्ये बी.एस्सी. करून जॅमच्या परीक्षेतून आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येते किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकत्रित पीएच.डी.ला. बारावीनंतर थेट आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) हाही रस्ता आहे आणि त्यातले एक आयसर पुण्यातच आहे. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी नेट, गेट, जेस्ट यांपैकी परीक्षा द्याव्या लागतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतःची परीक्षा घेते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे पीएच.डी.चा खर्च घरच्यांवर पडत नाही. पण पीएच.डी. संपते तेव्हा वय अठ्ठावीस-एकोणतीस असते, आणि प्राध्यापकी किंवा वैज्ञानिकाची कायम जागा हवी असेल तर त्यानंतर तीन ते पाच वर्षे पोस्टडॉक, म्हणजे मुदतीची संशोधनाची नोकरी, बहुधा परदेशात. तोपर्यंत बरोबरच्या अभियंत्यांची घरे आणि गाड्या झालेल्या असतात. हे मी लपवत नाही, कारण ते आधी माहीत असलेली मुले टिकतात आणि मध्येच कळलेली मुले खचतात.

घर सोडावे लागते, याचे कारणही पुन्हा यंत्रांशी निगडित आहे. इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफीचे, म्हणजे वर सांगितलेल्या झोताने आकृती काढण्याचे, यंत्र किंवा डायल्युशन रेफ्रिजरेटर प्रत्येक महाविद्यालयात असू शकत नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारच्या मदतीने आयआयटी मुंबई आणि भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली, आणि पुढे देशभरच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना तेथील सोयी वापरता याव्यात म्हणून ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम’ सुरू झाला. लहान शहरातल्या मुलांसाठी मला हा फार मोलाचा उपक्रम वाटतो. क्लीनरूम एकदा आतून पाहिलेला विद्यार्थी परत येतो तो वेगळे प्रश्न घेऊन.

कारखान्यांचे काय? देशात चिपच्या आराखड्याचे, म्हणजे डिझाइनचे काम पुष्कळ वर्षांपासून चालते, पण ते प्रामुख्याने इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांचे काम आहे. प्रत्यक्ष सिलिकॉनवर ट्रान्झिस्टर घडवण्याचे काम मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर होते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेऱ्याच्या टाटा व तैवानच्या पॉवरचिप यांच्या फॅबला, म्हणजे चिप घडवणाऱ्या कारखान्याला, मान्यता मिळाली. साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्प वेगळा. तेथे तयार चिपची जुळणी आणि तपासणी होते. फॅबमध्ये भौतिकशास्त्रज्ञाला खरी जागा असते: थरांची जाडी आणि दोष मोजणे, ट्रान्झिस्टरचे वर्तन संगणकावर वर्तवणे, आणि एखाद्या बॅचमधल्या चिपा निकामी निघाल्या तर कारण शोधणे. एम.एस्सी. करूनही या वाटेला लागता येते. पीएच.डी. असेल तर काम अधिक खोलातले मिळते. शिवाय सिलिकॉनमधल्या एकेका इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर (त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणावर) क्वांटम संगणक उभा करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत, आणि एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमुळे आपल्याकडेही या दिशेला बळ मिळाले आहे.

मग कोणी या वाटेला यावे? गुणपत्रिकेवरून मला ते सांगता येत नाही. गेल्या हिवाळ्यात फोर प्रोबचे प्रॅक्टिकल करणाऱ्या एका मुलीने तापमान वाढवताना रीडिंग घेतली, ग्राफ काढला, आणि उतारावरून आलेली ऊर्जा पुस्तकातल्या आकड्याच्या जवळ होती. जर्नल तेथेच पुरे झाले असते. पण ओव्हन बंद केल्यावर तिने थंड होतानाचीही रीडिंग घेतली आणि ती आधीच्या रेषेवर बसेनात. “मॅडम, एकाच तापमानाला दोन वेगळे रोध कसे? जर्मेनियम तर तेच आहे,” तिने विचारले. मी उत्तर दिले नाही. थर्मामीटर कोठे आहे आणि जर्मेनियम कोठे आहे, एवढे पाहायला सांगितले. ती बराच वेळ ओव्हनमध्ये वाकून बघत राहिली. मग म्हणाली, की तापताना थर्मामीटर पुढे असतो आणि जर्मेनियम मागे, थंड होताना उलटे होत असेल. म्हणजे चूक रोधात नाही, आपण ज्याला तापमान म्हणतो आहोत त्यात आहे. तिने ओव्हनचा प्रवाह निम्म्यावर आणला, प्रत्येक तापमानाला काटा स्थिर होईपर्यंत थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. प्रयोगशाळा साडेपाचला बंद होते. त्या दिवशी शिपाईकाकांना विनंती करून आम्ही साडेसातपर्यंत थांबलो, आणि चढतीची व उतरतीची रेषा एकमेकींवर बसली.